बाराचे चोवीस आणि बाराचे उणे बारा: डीसी व्होल्टेज वाढवणाऱ्या, उलटवणाऱ्या साध्या सर्किटांचा आढावा

एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्रात २१० मेगावॉटच्या संचाचे जनित्र १५.७५ किलोव्होल्टला वीज तयार करते. बाहेरच्या यार्डातला ट्रान्सफॉर्मर ती २२० किलोव्होल्टवर नेऊन ठेवतो. चौदा पट वाढ आणि त्यात वाया जाणारी ऊर्जा एक टक्क्याहून कमी. त्याच केंद्राच्या बॅटरी रूममध्ये मात्र दुसऱ्या जातीची वीज साठवलेली असते. ब्रेकरच्या ट्रिप कॉइल, संकटकाळचे तेलपंप आणि नियंत्रण यंत्रणा यांच्यासाठी औष्णिक केंद्रांत सहसा २२० व्होल्ट आणि अधिक-उणे २४ व्होल्ट डीसीचे संच ठेवतात. या विजेला ट्रान्सफॉर्मर लावून उपयोग नाही. वेटोळ्यातला प्रवाह बदलत राहिला तरच दुसऱ्या वेटोळ्यात व्होल्टेज उमटते. स्थिर डीसी दिली तर पहिले वेटोळे तापते आणि दुसऱ्या बाजूला काहीच मिळत नाही.

म्हणून डीसीचे व्होल्टेज वाढवायचे किंवा उलटवायचे झाले की आधी ती तोडावी लागते. सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करायची, प्रत्येक वेळी थोडी ऊर्जा कपॅसिटरमध्ये किंवा कॉइलमध्ये साठवायची आणि वेगळ्या जोडणीतून बाहेर काढायची. या विषयातली सगळी सर्किटे एवढ्या एकाच युक्तीवर उभी आहेत. फरक आहे तो साठवण कशात करायची यात, आणि दर फेरीला किती ऊर्जा उचलायची यात.

एकलहऱ्यात वीजकेंद्र आहे तसे मातोश्री अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी मुले या सर्किटांना प्रकल्पाच्या निमित्ताने भेटतात, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘किती पट होईल?’ असा असतो. माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न ‘किती मिलिअँपिअर हवेत?’ हा. त्याचे उत्तर ठरले की सर्किटाची निवड जवळजवळ आपोआप होते, आणि ते न ठरवता केलेली निवड जवळजवळ नेहमी फसते.

सर्वांत जुने कुटुंब डायोड आणि कपॅसिटरचे. स्विस भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिश ग्राइनाखर याला किरणोत्सार मोजायच्या आपल्या उपकरणासाठी दोनशे-तीनशे व्होल्ट डीसी हवे होते. झ्युरिचच्या घरगुती लाइनला तेव्हा ११० व्होल्ट एसी होते. त्याने दोन डायोड आणि दोन कपॅसिटर वापरून दुप्पट करणारे सर्किट बनवले आणि १९१४ मध्ये प्रसिद्ध केले. काही वर्षांनी त्यानेच या जोड्या एकावर एक रचून हवी तेवढी पट मिळवायची पद्धत दाखवली. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जॉन कॉकक्रॉफ्ट आणि अर्नेस्ट वॉल्टन यांनी हीच रचना लाखो व्होल्टपर्यंत नेली आणि एप्रिल १९३२ मध्ये प्रोटॉनचा मारा करून लिथियमचे अणुकेंद्र फोडले. १९५१ चे नोबेल त्यांना त्याबद्दल मिळाले. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या सुरुवातीच्या काळात, १९५० च्या दशकात, अणुभौतिकीच्या प्रयोगांसाठी याच जातीचा त्वरक बसवला होता. आज ही शिडी त्या दोघांच्या नावाने ओळखली जाते. मुळात कल्पना ग्राइनाखरची, हे वर्गात सांगायला हवे.

तिचे काम समजायला अवघड नाही. तोडलेल्या डीसीची खालची झेप येते तेव्हा पहिला डायोड उघडतो आणि पहिला कपॅसिटर भरतो. वरची झेप येते तेव्हा तो भरलेला कपॅसिटर स्रोताच्या डोक्यावर बसतो आणि दोघांची बेरीज दुसऱ्या डायोडमधून पुढच्या कपॅसिटरमध्ये उतरते. स्लॅब टाकताना माणसे शिडीवर उभी राहून घमेली हातोहात वर देतात, तसा प्रत्येक फेरीत थोडा विद्युतभार एक पायरी वर सरकतो. डायोड तो खाली परतू देत नाहीत. या रचनेतले मोठे सौंदर्य असे की शिडी कितीही उंच असो, एकेका कपॅसिटरला आणि डायोडला फक्त एका पायरीएवढेच व्होल्टेज सोसावे लागते. बारा व्होल्टच्या झेपांवर साठ व्होल्टची शिडी उभारली तरी पंचवीस व्होल्टचे स्वस्त कपॅसिटर पुरतात.

किंमत मोजावी लागते ती प्रवाह घेताना. वरच्या टोकाकडून लोडने प्रवाह ओढला की प्रत्येक पायरीला तूट येते, आणि खालच्या पायऱ्यांना वरच्या सगळ्यांची भरपाई करावी लागते. त्यामुळे एकूण घट पायऱ्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढत नाही. ती जवळजवळ घनाच्या प्रमाणात वाढते. आकडे मांडून पाहू. झेप १२ व्होल्टची, वारंवारता १० किलोहर्ट्झ, सगळे कपॅसिटर १० मायक्रोफॅरडचे आणि लोडचा प्रवाह १० मिलिअँपिअर धरला, तर एका पायरीला घट ०.१ व्होल्ट येते. दोन पायऱ्यांना ती ०.७ होते, पाचांना ९.५ आणि दहांना ७१.५ व्होल्ट. शिवाय प्रत्येक पायरीत दोन डायोड आहेत, म्हणजे दर पायरीला आणखी १.४ व्होल्ट गेले. हिशेब लावला की पाच पायऱ्यांच्या शिडीतून साठऐवजी ४३-४४ व्होल्ट मिळतात. दहा पायऱ्यांच्या शिडीतून एकशेवीस व्होल्ट मिळतील अशी आशा असते, हाती येतात सुमारे साडेचौतीस. पाच पायऱ्या जास्त लावून व्होल्टेज उलट कमी झाले. या उदाहरणात सातव्या पायरीला साधारण ४९ व्होल्टचा कळस येतो, त्याच्या पुढे लावलेला प्रत्येक भाग नुकसानीचा.

हा एक हिशेब प्रत्येक विद्यार्थ्याने सोल्डरिंग गन हातात घेण्यापूर्वी वहीत करावा असे मला मनापासून वाटते. उपायही त्याच हिशेबात दिसतो. घट वारंवारता आणि कपॅसिटरच्या गुणाकाराच्या व्यस्त प्रमाणात असते. तीच दहा पायऱ्यांची शिडी १०० किलोहर्ट्झला चालवली तर घट सात व्होल्टवर येते आणि जवळजवळ ९९ व्होल्ट हाती लागतात. मात्र तिथे १एन४००७ चालत नाही. पन्नास हर्ट्झच्या लाइनसाठी बनवलेला हा डायोड बंद व्हायला वेळ घेतो, आणि त्या वेळात वर चढवलेला भार खाली गळतो. जलद जातीचा यूएफ४००७ किंवा लहान प्रवाहाला १एन४१४८ घ्यावा. कमी व्होल्टेजवर डायोडचे ०.७ व्होल्टच जड होतात, तेव्हा १एन५८१९ सारखा शॉट्की. यांतले सगळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळते. मग प्रकल्पात सवयीने १एन४००७ का बसतो, हे मला न सुटलेले कोडे आहे.

प्रवाह नगण्य असेल तिथे या शिडीला तोड नाही, आणि अशा जागा आपल्या आसपास भरपूर आहेत. डास मारायची रॅकेट घ्या. आत एक छोटी रिचार्जेबल बॅटरी, एका ट्रान्झिस्टरचा दोलक, बोटाच्या पेराएवढा ट्रान्सफॉर्मर आणि त्याच्या पुढे तीन-चार डायोड-कपॅसिटरची शिडी. जाळीवर हजार-दोन हजार व्होल्ट उभे राहतात. डास मध्ये येईपर्यंत प्रवाह जवळजवळ शून्य असतो, त्यामुळे शिडीची कमजोरी कुठे उघडी पडत नाही. जुन्या रंगीत टीव्हीच्या मागे असलेला ‘ट्रिपलर’ याच घराण्यातला. लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मरकडून (एलओटी) आलेले आठ-नऊ किलोव्होल्ट तो तिप्पट करून पिक्चर ट्यूबला पंचवीसच्या आसपास देई, तेही एखाद-दुसऱ्या मिलिअँपिअरला.

वीजकेंद्रात आणि सबस्टेशनात हीच गोष्ट इन्सुलेशन तपासणाऱ्या मेगरमध्ये दिसते. पूर्वीच्या मेगरला हँडल असे आणि आतला छोटा डायनॅमो पाचशे किंवा हजार व्होल्ट देई. आताच्या मेगरमध्ये सेल असतात. आतले सर्किट त्यांची डीसी तोडते, ट्रान्सफॉर्मरने चढवते आणि पुढे गुणक लावून पाच हजार व्होल्टपर्यंत नेते. एखाद्या वाइंडिंगचे इन्सुलेशन ५ गिगाओहमचे असेल तर पाच हजार व्होल्टला प्रवाह होतो फक्त एक मायक्रोअँपिअर. इथे शिडी निवांत चालते. कठीण जागा वेगळीच आहे. मोठ्या जनित्राचे वाइंडिंग स्वतःच एक मोठा कपॅसिटर असते, ते भरताना सुरुवातीला प्रवाह जास्त ओढला जातो. पोलरायझेशन इंडेक्स काढायचा तर एका मिनिटाचे आणि दहा मिनिटांचे वाचन हवे आणि तेवढा वेळ व्होल्टेज हलता कामा नये. म्हणून चांगल्या मेगरमध्ये बाहेरचे व्होल्टेज मोजून आतल्या दोलकाला सतत सुधारणारे सर्किट असते. स्वस्त आणि महाग मेगरमधला खरा फरक बहुतेक वेळा याच भागात असतो, दर्शनी आकड्यांत नाही.

आता उलटवण्याकडे. ७४१ सारख्या ऑप-अँपला अधिक आणि उणे असे दोन्ही पुरवठे लागतात, आणि टेबलावर असते एकच बॅटरी. डायोडची दिशा फिरवली की तीच शिडी उणे व्होल्टेज देते. ५५५ आयसीचा दोलक, एक कपॅसिटर, दोन डायोड आणि बाहेर आणखी एक कपॅसिटर, एवढ्यात काम होते. ५५५ चे आउटपुट पुरवठ्यापर्यंत पूर्ण चढत नाही, दीड व्होल्टच्या आसपास मागे राहते. डायोड १.४ घेतात. म्हणजे बारातून उणे बारा कधीच मिळत नाहीत. हलक्या लोडला उणे नऊ धरावेत. दोन ऑप-अँपसाठी तेवढे पुरते. रिले किंवा मोटर त्यावर टाकू नये. या सर्किटात सर्वाधिक घडणारी चूक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या टोकांची आहे. बाहेरच्या कपॅसिटरचे अधिक टोक जमिनीला जायला हवे. सवयीने उणे टोक जमिनीला जोडले की तो काही वेळाने फुगतो.

डायोडचा कर चुकवायचा असेल तर डायोडच्या जागी मॉसफेटचे स्विच घालायचे. आयसीएल ७६६० ने हे आठ पायांच्या चिपमध्ये बसवले आणि बाहेर फक्त दोन कपॅसिटर ठेवले. आतले स्विच एका कपॅसिटरला आधी पुरवठ्याशी जोडतात, मग उलटा करून आउटपुटला टेकवतात. पाच व्होल्ट दिले तर मोकळ्या आउटपुटला जवळजवळ पूर्ण उणे पाच. पण मागच्या बाजूला सुमारे ५५ ओहमचा रोध लपलेला असतो. वीस मिलिअँपिअर ओढले की १.१ व्होल्ट गेले, उरले उणे ३.९. मूळच्या ७६६० ला दहा व्होल्टच्या वर चढवू नये. बाराच्या बॅटरीवर तो थेट लावला की जातो. याच कल्पनेवर पुढे एमएएक्स २३२ आली. एकाच पाच व्होल्टवर ती दुप्पट आणि उलट दोन्ही करून सिरियल पोर्टसाठी अधिक-उणे दहाच्या आसपास व्होल्टेज तयार करते. मोजमापाच्या उपकरणांत आणि जुन्या संगणकांत ती वर्षानुवर्षे चालली आहे. सिलिकॉनच्या आतच भार-पंप उभारायची पद्धत जॉन डिक्सनने १९७६ मध्ये मांडली. मोबाइलच्या फ्लॅश मेमरीत बिट लिहायला पुरवठ्यापेक्षा बरेच जास्त व्होल्टेज लागते, ते तिथेच, चिपच्या पोटात, अशाच पंपांनी तयार होते.

प्रवाह शंभर-दोनशे मिलिअँपिअरच्या पुढे गेला की कपॅसिटर सोडून कॉइलकडे वळावे. स्विच चालू असताना कॉइलमध्ये प्रवाह वाढत जातो. स्विच बंद केला की कॉइल तो प्रवाह थांबू देत नाही आणि लागेल तेवढे व्होल्टेज उभे करते. हे वाढीव व्होल्टेज पुरवठ्याच्या वर चढवले की बूस्ट, जमिनीच्या खाली उतरवले की उलटवणारे सर्किट. पट किती हे स्विच फेरीतला किती काळ चालू आहे यावर ठरते. अर्धा वेळ चालू असेल तर बूस्ट दुप्पट देतो आणि उलटवणारे तितकेच उणे. तीन चतुर्थांश वेळ असेल तर चौपट आणि उणे तिप्पट. कागदावर हे आणखी वर जाते, पण तारेचा रोध आणि स्विचमधले नुकसान यांमुळे पाच-सहा पटींनंतर कार्यक्षमता ढासळते. त्याहून जास्त हवे असेल तर कॉइलवर दुसरे वेटोळे घालून तिचा ट्रान्सफॉर्मर करावा.

सुरुवातीला एमसी ३४०६३ ही आयसी उत्तम. जुनी, स्वस्त, चाळीस व्होल्टपर्यंत चालणारी आणि स्विचमधून दीड अँपिअरपर्यंतचा शिखर-प्रवाह सोसणारी. हे शिखर आहे, आउटपुट नव्हे. बारातून उणे बारा काढताना हातात शंभर-दीडशे मिलिअँपिअर धरूनच चालावे. कॉइल मात्र नीट निवडावी. गाभा संपृक्त झाला की ती कॉइल राहत नाही, नुसती तार उरते, आणि आयसी क्षणात जळते. बाजारात तयार मिळणारी बूस्ट मॉड्यूल पाहून हा भाग शिकायचा राहून जातो, याची मला खंत वाटते.

दुचाकीच्या सीडीआयमध्ये हेच तत्त्व आहे. डीसी सीडीआय बॅटरीच्या बारा व्होल्टचे दोनशे-तीनशे करून कपॅसिटर भरते आणि ठिणगीच्या क्षणी तो इग्निशन कॉइलमध्ये रिकामा करते. शेताच्या कुंपणाचे झटका मशीन त्याचेच थोरले भावंड. बारा व्होल्टची बॅटरी, काहीशे व्होल्टला भरलेला कपॅसिटर, एससीआर आणि शेवटी ट्रान्सफॉर्मर, ज्यातून तारेवर काही हजार व्होल्टचा अगदी क्षणिक ठोका जातो. प्रमाणित यंत्रात दोन ठोक्यांत किमान एक सेकंदाचे अंतर असते आणि ठोक्यातली ऊर्जा ५ ज्यूलपर्यंत मर्यादित असते. जनावर दचकते, मरत नाही. ही मर्यादा हेच त्या यंत्राचे सार आहे. पैसे वाचवण्यासाठी घरची लाइन थेट कुंपणात सोडणे हा गुन्हा आहे. त्यात महाराष्ट्रात शेतकऱ्यांचे आणि शेजाऱ्यांचे जीव गेले आहेत. यावर गावपातळीवर पुन्हा पुन्हा बोलले पाहिजे.

या सर्किटांची हद्द कुठे संपते हे पाहायला एकलहऱ्याइतकी चांगली जागा नाही. इथे १९७०-७१ मध्ये १४० मेगावॉटचे दोन संच सुरू झाले, ते आता निवृत्त झाले आहेत. १९७९ ते ८१ या काळातले २१० मेगावॉटचे तीन संच उरले. भारतीय कोळशात राख तीस-चाळीस टक्के, म्हणून धुराड्यापूर्वी धुरातली राख पकडणारा ईएसपी (इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर) लागतो. त्यातल्या तारांवर कित्येक किलोव्होल्टची उणे डीसी असते. तारेभोवती कोरोना पेटतो, राखेचे कण उणे भारित होतात आणि जमिनीला जोडलेल्या पत्र्यांवर जाऊन बसतात. हातोडे पत्रे ठोकतात आणि राख खालच्या हॉपरमध्ये पडते. व्होल्टेज रंगीत टीव्हीच्या दुप्पट-तिप्पटच आहे. मग इथे ट्रिपलर का नाही? कारण एकेका क्षेत्राला शेकडो मिलिअँपिअर लागतात. शिडी तिथे पहिल्याच पायरीवर बसेल. म्हणून एसी ट्रान्सफॉर्मरने चढवून तेलात बुडवलेल्या डायोड-ब्रिजने डीसी करतात. चंद्रपूर-पडघे उच्चदाब डीसी वाहिनीचेही तसेच. १९९९ पासून चालणारी ही ७५२ किलोमीटरची वाहिनी अधिक-उणे ५०० किलोव्होल्टला १५०० मेगावॉट नेते, म्हणजे प्रवाह १५०० अँपिअर. तिथे ब्रिजवर ब्रिज मालिकेत ठेवून व्होल्टेजची बेरीज करतात. कपॅसिटरची शिडी त्या जगात नाही.

ईएसपीतून उलटवण्याबद्दलही एक महत्त्वाची गोष्ट कळते. तिथे उणे व्होल्टेज तयार करायला कुठलेही वेगळे सर्किट नाही. ट्रान्सफॉर्मरने लाइनपासून मोकळ्या केलेल्या पुरवठ्याचे अधिक टोक जमिनीला जोडले, झाले. अधिक-उणे २४ व्होल्टच्या बॅटरी संचातही दोन संच मालिकेत लावून मधला बिंदू जमिनीला जोडतात. म्हणजे पुरवठा मोकळा असेल तर उणे व्होल्टेज फुकट मिळते. उलटवणारे सर्किट तेव्हाच लागते जेव्हा जमीन आधीच ठरलेली असते आणि पुरवठा एकच असतो. प्रयोगासाठी अधिक-उणे पाच हवे असतील तर चांगल्या बनावटीचे दोन मोबाइल चार्जर घ्यावेत, एकाचे अधिक दुसऱ्याच्या उण्याला जोडावे आणि तो सांधा जमीन मानावा. चार्जर आतून विलग असतात म्हणून हे चालते. एकाच संगणकाच्या दोन यूएसबी पोर्टवर हा प्रयोग करू नये, तिथे दोघांची जमीन एकच असते आणि थेट शॉर्ट होतो. नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या मालिकेत लावल्या तरी तेच साधते, आणि कमी रिपलच्या ध्वनी-सर्किटांना मी अजूनही तेच सुचवीन, कारण ७६६० चे दोलन कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यातच पडते.

शेवटी मोजमाप. साधा डिजिटल मल्टीमीटर हजार व्होल्टपर्यंतचा असतो आणि त्याचा आतला रोध १० मेगाओहम. रॅकेटच्या जाळीला तो लावला तर मीटर धोक्यात येतो आणि दीड हजार व्होल्टला दीडशे मायक्रोअँपिअर ओढून तो शिडीला खालीही बसवतो. दिसणारा आकडा खरा नसतो. हाय-व्होल्टेज प्रोब किंवा पुरेशा व्होल्टेजच्या रोधांची एकमेकांना जोडलेली साखळी, ज्यातल्या शेवटच्या रोधावर मीटर लावायचा, हाच मार्ग. गुणकाच्या प्रत्येक आउटपुटवर काही मेगाओहमचा ब्लीडर रोध कायमचा बसवावा, म्हणजे पुरवठा काढल्यावर कपॅसिटर काही वेळात आपोआप रिकामे होतात. जुना मायक्रोवेव्ह ओव्हन उघडणाऱ्यांनी तर आधी हेच पाहावे. त्यातला एक मायक्रोफॅरडच्या आसपासचा कपॅसिटर दोन हजारांहून अधिक व्होल्टला भरतो, आणि त्याचा झटका जीवघेणा ठरू शकतो. ईएसपीच्या क्षेत्रात देखभालीला उतरताना पुरवठा बंद केल्यावर अर्थिंग रॉड टेकवला जातो. प्रयोगशाळेच्या टेबलावर शंभर व्होल्टच्या वर कुठलीही शिडी उभी राहिली की इन्सुलेटेड मुठीच्या तारेला काही किलोओहमचा रोध लावून तसाच एक छोटा रॉड करून ठेवावा. त्याला लागणारे साहित्य त्याच डब्यात असते.